गुडघाभर पाणी

हेमांगी पेडणेकर सत्तावीस वर्षं लिहीत होती आणि तिचं नाव कुठेही छापलेलं नव्हतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. कुडाळच्या बाजारपेठेत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. ज्याला सांगायचं पुष्कळ आहे पण लिहायला बसलं की हात चालत नाही, असा माणूस तो जिना चढून येई. तिने पंपाच्या माहितीपुस्तिका लिहिल्या होत्या, पतसंस्थेच्या स्मरणिका लिहिल्या होत्या, वनस्पतिशास्त्राचे दोन प्रबंध मुळापासून सरळ केले होते. एकदा तर रुसलेल्या नवरा-बायकोची पत्रं तिने दोन्ही बाजूंनी लिहिली. दोघांनी एकमेकांपासून लपवून तिला गाठलं होतं. ती दोघं आता सुखाने नांदत होती आणि भेटली की तिला ओळख दाखवत नव्हती.

माहेर मिरजेचं, शिक्षण पदार्थविज्ञानात एम.एस्सी. लग्नाने इथे आली तेव्हा शिकवण्याची नोकरी मिळाली नाही, पण प्रयोगवहीची शिस्त हाताला राहिली. प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी वही. तो माणूस कसा बोलतो, कुठे अडतो, कशावर हसतो, सगळं त्यात. काम संपलं की ती वही फाडायची आणि ध्वनिमुद्रण पुसून टाकायचं. "माझ्याकडे तुमचं काहीही उरत नाही," असं ती पहिल्याच भेटीत सांगे. लोक निर्धास्त होत आणि मग खरं बोलत.

मग ठसा आला.

यंत्रांनी लिहिलेला मजकूर इतका माजला होता की अर्जावर, प्रबंधावर, कोर्टातल्या जबानीवर कोणाचाच विश्वास उरला नव्हता. त्यावरचा हा उपाय. तत्त्व साधं होतं. मोठे शब्द माणूस निवडून वापरतो, छोटे शब्द त्याच्या नकळत पडतात. 'तर', 'मात्र', 'म्हणून' किती अंतराने येतात, वाक्य किती लांबलं की माणूस श्वास घेतो, आधी कारण सांगतो की आधी परिणाम, अशा काही हजार सवयी मोजल्या की प्रत्येकाचा एक नमुना हाती लागतो. आपली चाल आपल्याला दिसत नाही, पण अंगणात पाऊल वाजलं की घरच्यांना कळतं कोण आलं, तसंच हे. तासभर बोलायचं, दहा पानं लिहायची, की ठसा नोंदला जाई. मग कुठलाही मजकूर पुढे ठेवा, कोणाचा हात किती टक्के ते यंत्र सांगे.

ठसा यंत्रांना पकडण्यासाठी बनवला होता. भाड्याने लिहिणारी माणसंही त्यात सापडतील हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. हेमांगीने प्रबंधांच्या कामासाठी आपला ठसा प्रामाणिकपणे आधीच नोंदवला होता.

पहिले जिना चढून आले ते तात्या मोरजकर. पतसंस्थेचे माजी अध्यक्ष. त्यांचं आत्मचरित्र हेमांगीने चार वर्षांपूर्वी लिहिलं होतं.

"बाई, नातवाने माझं पुस्तक त्या ठशात घातलं," ते खुर्चीत बसत म्हणाले. "माझा हात किती निघाला असेल?"

"किती?"

"अकरा टक्के. तोसुद्धा फोटोंच्या खाली."

हेमांगीला हसू आलं, पण तात्या हसत नव्हते.

"घरात बोलत नाही कोण. पण जेवताना नातू विचारतो, आजोबा, मीठ वाढू, की पेडणेकरबाईंना विचारू?" खुर्ची पुढे ओढत ते म्हणाले, "यातून काही वाट निघते का? तुम्ही हुशार. पाच-पन्नास 'मात्र' काढले, माझे दोन-चार शब्द घुसवले, तर यंत्र फसेल की नाही?"

"फसेल कदाचित," ती म्हणाली. "पण तात्या, पुस्तक छापून झालंय."

तात्या गेले आणि त्यांच्यापाठोपाठ कामंही गेली. वर्षभरात जिन्यावर पावलं वाजेनाशी झाली. जी वाजत ती दातवाल्यांची, चुकून एक मजला जास्त चढलेली.

एकच काम तिने त्या काळात मनापासून केलं होतं, आणि त्याबद्दलचं पत्र एका सोमवारी आलं.

निवडुंगीच्या खाडीत बेचाळीस बायका तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढून पोट भरत. ओहोटीला पाणी उतरलं की वाळूत बसून हाताने शिंपल्या शोधायच्या, पाटीत भरायच्या, बाजारात न्यायच्या. अकरा वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी एका कंपनीने जेटीसाठी दगडी भिंत घातली. तेव्हापासून गाळ साचत गेला आणि तिसऱ्या कमी होत गेल्या, असं बायकांचं म्हणणं. आता कंपनीला भिंत आणखी दोनशे मीटर वाढवायची होती. कंपनीचं म्हणणं, खाडी पहिल्यापासून उथळच होती, तिसऱ्यांचं पीक तिथे कधी नव्हतंच. निवाडा खाडी प्राधिकरणापुढे व्हायचा होता आणि बायकांकडे पुरावा एकच होता, सुंदराकाकी कुबल.

सुंदराकाकी सदुसष्ट वर्षांची. चौथीपर्यंत शिकलेली. एकेचाळीस वर्षं ती घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, त्या त्या दिवसाच्या चौकोनात, एक शब्द आणि एक आकडा लिहीत आली होती. 'मांडी, ६.' 'गुडघो, ४.' पाणी किती होतं आणि तिच्या स्वतःच्या पाट्या किती भरल्या. नवी दिनदर्शिका आली की ती जुनीवरच लटकवायची. एकाच खिळ्याला एकेचाळीस वर्षं लटकत होती. हेमांगीने सहा दिवस तिच्याकडे बसून ते सगळं उतरवलं आणि चौदा पानांची स्वच्छ जबानी तयार केली. मग आपल्या रीतीप्रमाणे वही फाडली, ध्वनिमुद्रण पुसलं.

पत्रात लिहिलं होतं की जबानीत साक्षीदाराखेरीज दुसऱ्या व्यक्तीचा हात एकसष्ट टक्के आढळला आहे. मर्यादा पंचवीस टक्क्यांची. एकवीस दिवसांत साक्षीदाराच्या स्वतःच्या शब्दांतली जबानी आली नाही, तर तिच्याविना निर्णय होईल.

हेमांगीने पत्र दोनदा वाचलं. बेचाळीस बायकांचं पोट तिच्या नेटक्या वाक्यांनी अडवून धरलं होतं.

घरी ठशाच्या यंत्राची प्रत होतीच. तात्यांना जे नाकारलं तेच तिने स्वतः करून पाहिलं. आपले 'मात्र' काढले. वाक्यं तोडली. काकीच्या बोलण्यातले आठवतील ते शब्द इकडेतिकडे पेरले. एकसष्टाचे अठ्ठेचाळीस झाले, मग छत्तीस. तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर चोवीसचा आकडा आला. तिला आनंद व्हायला हवा होता. लहानपणी प्रयोगाचं उत्तर आधी पाहून मग निरीक्षणं भरली होती, त्या दिवशीसारखं तिला वाटलं.

चौथ्या दिवशी ती सही घ्यायला निवडुंगीला गेली. काकी ओट्यावर विळी पायाखाली धरून तिसऱ्या फोडत होती.

"इलंस? बस. चाय घे, मगे सांग."

"काकी, सही हवी होती. जबानी पुन्हा द्यायची आहे. यात आता तुमचेच शब्द आहेत."

काकीने हात पदराला पुसले, पण पेन घेतलं नाही. "गेल्या वेळाक पण सही घेतलंस. वाचून खय दाखवलंस? आज वाच."

हेमांगी ओशाळली. सत्तावीस वर्षांत गिऱ्हाइकांनी आपापलं वाचून घेतलं होतं, तिने कोणाला वाचून दाखवलं नव्हतं. ती वाचू लागली. काकी डोळे मिटून ऐकत होती. तीन पानं झाली, पाच झाली. शेजारची बाई येऊन उंबऱ्याशी टेकली. चौदावं पान संपलं तेव्हा काकीने डोळे उघडले.

"बरा आसा," ती म्हणाली. "कोणाचा ता?"

"तुमचं, काकी."

"माझा? माझ्या तोंडात मीटर खयसून इलो?"

"पाण्याची खोली सांगायची तर मीटर लागतात. तुम्ही 'मांडी' म्हणालात, ते मी शून्य पूर्णांक साठ असं..."

"मीटर तुझो, गुडघो माझो," काकीने तिला मधेच तोडलं. तिच्या आवाजात राग नव्हता. पोराच्या गणितातली चूक दाखवावी तसं ती बोलत होती. "आणि ह्यां काय? मे म्हयन्यात पाणी इतक्या, मे म्हयन्यात पाणी तितक्या. मे म्हयन्यात खयच्या दिसाक? आवसेक पाणी वेगळा, अष्टमेक वेगळा. मी दर खेपेक आवस सांगलंय. ती खय गेली?"

"एकशे बारा वेळा आलं होतं ते, काकी. 'आवसेक गेलंय, आवसेक गेलंय.' वाचणाऱ्याला कंटाळा येईल म्हणून..."

"वाचणाऱ्याक, की तुका?"

शेजारीण पदरात हसली. हेमांगी हसली नाही. तिच्या हातातला कागद खाली आला होता.

कारण ती एम.एस्सी. होती आणि हे तिला पंचविशीतच ठाऊक होतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते, भरती उंच चढते आणि ओहोटी खोल उतरते. ते उधाण. अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात पडते, तेव्हा पाणी ना धड चढतं ना धड उतरतं. तो भांग. एकाच जागी, एकाच महिन्यात, दोन ओहोट्यांच्या पातळीत अर्ध्या-पाऊण मीटरचा फरक सहज पडतो. तिथीशिवाय खोलीच्या आकड्याला काही अर्थ नाही. दिनदर्शिकेच्या चौकोनात तारीख होती आणि तिथीही होती. तिने तारीख घेतली आणि तिथी पाल्हाळ म्हणून सोडून दिली. काकी एकेचाळीस वर्षं अमावास्येला, संध्याकाळी पाचच्या ओहोटीला, एका ठरलेल्या खडकाला पाठ लावून उभी राहत होती. तो प्रयोग होता. आणि प्रयोगवहीची शिस्त मिरवणाऱ्या बाईने त्याचा कणाच काढून टाकला होता.

ती जबानी चोवीस टक्क्यांवर पास झाली असती. आणि कंपनीच्या माणसांनी पाच मिनिटांत फाडली असती.

"काकी," ती म्हणाली, "हे मी परत नेत नाही. इथेच चुलीत घाला. आणि मला सगळं पुन्हा सांगाल? पहिल्यापासून?"

"पुन्हा? गेल्या खेपेचा टेपात आसा मां?"

"पुसलं मी."

 काकी उठली, चौदा पानं घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात चहाचे दोन पेले होते.

"आवस परवा आसा," ती म्हणाली. "साडी वर धरूक येता मां तुका?"

पुढचे दहा दिवस हेमांगीने आयुष्यात सगळ्यात कमी लिहिलं. काकी बोले, ती उतरवे, संध्याकाळी वाचून दाखवे. नियम एकच केला होता, की काकीने ऐकल्याशिवाय एकही शब्द बदलायचा नाही. हात शिवशिवत. एका वाक्यात तीनदा 'मगे' आला की पेन आपसूक तिकडे जाई. तिने पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेतली, मग पेन्सिलही काकीच्या नातीकडे दिली आणि फक्त टंकायला लागली. जिथे काकी अडली तिथे तिने विचारलं, उत्तर दिलं नाही. "पाय नेमका कुठे ठेवता?" या एका प्रश्नाचं उत्तर दीड पान झालं. म्हातारीचं खडप नावाचा काळा खडक, त्याची दक्षिणेची बाजू, पाठ टेकवून दोन्ही टाचा मुळाशी. सासूने दाखवलेली जागा. तिथे पाणी कंबरेला असेल तर आत जायचं नाही, मांडीला किंवा त्याखाली असेल तर बायकांना हाक द्यायची.

अमावास्येला ती स्वतः काकीबरोबर उतरली. म्हातारीच्या खडपाशी पाणी घोट्याला लागत होतं, आणि खाली वाळू नव्हती, मऊ चिखल होता. बायका दोन तास शोधून प्रत्येकी अर्धी पाटी घेऊन परतल्या. 

विसाव्या दिवशी जबानी गेली, सोबत खिळ्यावरून उतरवलेल्या एकेचाळीस दिनदर्शिका. अर्जात एक नवा रकाना होता, 'लेखनसाहाय्य.' हेमांगीचा हात तिथे थोडा थांबला. मग तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं. ठशाने तिचा हात नऊ टक्के सांगितला.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी होती. प्राधिकरणाचे तीन सदस्य, त्यांत समुद्रविज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका डॉ. सलढाणा. कंपनीचे वकील सभ्य गृहस्थ होते, उगाच आवाज चढवत नव्हते.

"जबानी साक्षीदाराच्याच शब्दांत आहे, हे मान्य," ते म्हणाले. "पण मोजमाप काय, तर मांडी, गुडघा, पोटरी. ही काही एककं नव्हेत. आणि बाई आता वृद्ध आहेत. एकेचाळीस वर्षांत माणूस वाकतो, आखडतो. माप घेणारंच बदललं तर मापाला काय अर्थ?"

 हा प्रश्न हेमांगीला सुचला नव्हता.

काकीला प्रश्न समजावून सांगावा लागला. मग ती उभी राहिली, खुर्ची ओढून त्यावर डावा पाय ठेवला आणि लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत घेतला, खाडीत उतरताना घेते तसा.

"गुडघो म्हंजे गुडघो. हो बघा. मोजा. एकेचाळीस वर्सां ह्योच आसा. बदलूक नाय."

कोणीतरी हसलं. डॉ. सलढाणा हसल्या नाहीत. त्या उठल्या, कारकुनाकडून फीत मागून घेतली, काकीला पाय जमिनीवर ठेवायला सांगून खाली बसल्या आणि टाचेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत माप घेतलं.

"चव्वेचाळीस सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "वकीलसाहेब, म्हातारपणी उंची कमी होते ती पाठीच्या कण्यात. मणक्यांमधल्या चकत्या झिजतात. गुडघ्याखालचं हाड आखडत नाही. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाची उंची मोजता येत नसेल, तर डॉक्टर गुडघ्यावरूनच ती काढतात. म्हणजे या बाईंनी नेमकं तेच साधन वापरलंय जे बदलत नाही. जागा एक, तिथी एक, वेळ एक, उपकरण एक. आमच्या संस्थेच्या खाडीतल्या मोजपट्टीला गेल्या वीस वर्षांत चारदा जागा बदलावी लागली."

त्यांनी दिनदर्शिकांमधल्या वैशाखाच्या अमावास्या एकाखाली एक लिहून आणल्या होत्या. तीस वर्षं मांडी. मधे एकदा कंबर, दोनदा गुडघा. मग भिंत आली. गुडघा, गुडघा, पोटरी, पोटरी, घोटा. शेजारी पाट्यांचे आकडे. सहा, सात, सहा. मग चार, दोन, अर्धी.

"हे वाचायला मला अर्धाच तास लागला," डॉ. सलढाणा म्हणाल्या, "कारण जबानीच्या प्रत्येक ओळीत 'आवसेक' लिहिलेलं होतं. नसतं तर वाचताच आलं नसतं."

हेमांगीने मान खाली घातली. बाजूला बसलेल्या काकीने तिच्या दंडाला कोपराने हळूच ढोसलं.

भिंत वाढवायची परवानगी मिळाली नाही. निर्णयात आणखी एक कलम निघालं. जुन्या भिंतीत दोन ठिकाणी मोकळी तोंडं ठेवायची, म्हणजे उधाणाच्या ओहोटीचा जोर गाळ बाहेर नेईल. होईल की नाही, हे सांगता येत नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मोजत राहावं लागेल. मोजणीची जबाबदारी प्राधिकरणाने सुंदरा कुबल यांच्यावर सोपवली.

निर्णयाची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा तात्या मोरजकर पुन्हा जिना चढून आले. या वेळी हातात शाळेची वही होती.

"बाई, मी स्वतः लिहिलंय. अर्धं पान. हसायचं नाही." त्यांनी वही उघडली. "'माझा शाळेत मन नव्हता. माका होडयेत बसूचा होता.' पुढे सुचत नाही."

"छान आहे, तात्या."

"मग? सुधारा की."

"नाही. होडी कोणाची होती, ते सांगा," हेमांगी म्हणाली आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत बसली. जाताना तात्या म्हणाले की सोसायटीतले आणखी दोघे विचारत होते. त्यानंतर जिन्यावर पुन्हा पावलं वाजू लागली. आता ती वह्या फाडत नाही. काम संपलं की ज्याची त्याला देते.

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखातल्या अमावास्येला ती निवडुंगीला गेली. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. भिंतीतल्या दोन तोंडांमधून पाणी खळाळत बाहेर जात होतं. बायका काठावर पाट्या घेऊन थांबल्या होत्या. काकी पुढे, हेमांगी मागे, दोघी म्हातारीच्या खडपाशी पोचल्या आणि पाठ टेकवून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. टाचांखाली चिखल होता, पण त्याच्या तळाशी वाळूसारखं काहीतरी खरखरीत लागत होतं. पाणी उतरायचं थांबलं.

"सांग गो," काकी म्हणाली. "किती?"

हेमांगीने खाली पाहिलं. "गुडघाभर."

"तुझो, की माझो?"

हेमांगी काकीपेक्षा चांगली वीतभर उंच होती. तिने पुन्हा नीट पाहिलं. तिच्या गुडघ्याची वाटी पाण्याच्या वर दोन बोटं उघडी होती.

"तुमचा, काकी. माझा अजून कोरडा आहे."

काकीने मान डोलावली आणि काठाकडे तोंड करून बायकांना हाक दिली.